निवडणुकीनंतरची पाच वर्षे कोणाची? नाशिकच्या नगरसेवकांना खुले पत्र

नाशिक महानगरपालिकेतील सर्व 122 नगरसेविका आणि नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. मार्च 2022 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये आपण निवडून आलात. मधली जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा ही कारणे आपल्याला माहीत आहेत, त्यात शिरत नाही. पण 2011 च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या घरात गेलेल्या या शहराच्या कारभारात एवढा काळ लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, ही गोष्ट आपण सगळ्यांनी फार सहज पचवली.

मी इथल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि पंचवटीत राहते. या चार वर्षांत जे दिसले त्यातून हे पत्र लिहावेसे वाटले. ज्यांच्याकडे वकील होता, ज्यांची संघटना होती, ज्यांना नियमांचा हवाला देऊन अर्ज लिहिता येत होता, त्यांना दाद मागायला दार होते. सोसायट्यांचे अर्ज गेले, व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे गेली, पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. ज्या माणसाकडे फक्त आपल्या नगरसेवकाचा मोबाइल नंबर होता, त्याच्या हातचे तेवढे एक साधनही गेले. नळाला पाणी कमी आले, गटार तुंबले, तर आता कोणाला गाठायचे हे फुलेनगरसारख्या वस्तीतल्या बाईला कोणी सांगितले नाही. निवडून दिलेले लोक नसले की सगळ्यांचेच नुकसान होते, पण सारखे होत नाही.

आता आपण आला आहात. तरी मला काळजी वाटते, आणि ती आपल्यापैकी कोणा एकाबद्दल नाही. निवडणूक झाली म्हणजे लोकशाही परत आली, असे आपण सगळेच धरून चाललो आहोत. जगातल्या देशांचा अनुभव असा आहे की नुसत्या मतदानाने विषमता कमी होत नाही. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना दोन निवडणुकांच्या मधल्या काळात खर्चाच्या निर्णयात जागा मिळाली, तिथे ती कमी झाली. जिथे मिळाली नाही, तिथे दर पाच वर्षांनी रांगा लागल्या आणि विषमता तशीच राहिली. या पत्रात मला एवढेच मांडायचे आहे, आणि त्यातून निघणारी एक मागणी करायची आहे.

ही काळजी नवी नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही राजकीय लोकशाही उधळून लावतील, असा इशाराही त्यांनी दिला. हे वाक्य आपण दर संविधान दिनाला भाषणात वापरतो. ज्या माणसाने ते उच्चारले त्याच्या चळवळीने 2 मार्च 1930 ला याच शहरात, काळाराम मंदिराच्या दारात, सत्याग्रह सुरू केला होता. दादासाहेब गायकवाडांसारखा आंबे दिंडोरीचा माणूस त्यात पुढे होता. पुढची पाच-सहा वर्षे झगडूनही दार उघडले नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दादासाहेब 1957 साली नाशिकमधून लोकसभेवर गेले. खासदार झाल्यावरही त्यांना 1959 मध्ये आणि नंतर 1964 मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह करावा लागला. मत मिळाले, खासदारकीही मिळाली, तरी जमिनीसाठी पुन्हा रस्त्यावर यावे लागले. लोकशाही आणि विषमता यांचे नाते समजून घ्यायला नाशिककराला लांब जायची गरज नाही.

तरी थोडे लांब जाऊ या, कारण इतर देशांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रशियात 1849 ते 1918 अशी मतदानपद्धत होती की कोण किती कर भरतो यावरून मतदारांचे तीन वर्ग पाडायचे. प्रत्येक वर्गाने भरलेला एकूण कर सारखा, म्हणून प्रत्येक वर्गाच्या वाट्याच्या जागाही सारख्या. एसेन शहरात क्रुप हा पोलाद कारखानदार इतका कर भरायचा की पहिल्या वर्गात तो एकटाच असायचा, आणि नगर परिषदेतल्या एक तृतीयांश जागा एकट्याच्या मताने ठरायच्या. स्वीडनमध्ये तर मतांची संख्याच मालमत्तेवर ठरायची. आज समतेचे उदाहरण म्हणून आपण ज्या देशाकडे बोट दाखवतो, तिथे एकोणिसाव्या शतकात स्थानिक कारभारात एकेका श्रीमंताकडे शेकडो मते असत. काही डझन गावे अशी होती की एकट्या जमीनदाराकडे निम्म्याहून अधिक मते होती. कंपन्यांनासुद्धा मत होते. 1909 मध्ये एका माणसाच्या मतांवर चाळीसची मर्यादा आली, 1918 च्या सुधारणेने स्थानिक निवडणुकांतला हा प्रकार संपला, आणि 1921 मध्ये स्त्रियांसह सर्वांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केले.

म्हणजे स्वीडिश माणूस स्वभावाने समतावादी आहे, थंड हवेत लोक एकमेकांना धरून राहतात, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. स्वीडन युरोपातल्या अत्यंत विषम देशांपैकी एक होता. आणि 1921 च्या मतदानाने रातोरात काही बदलले नाही. 1931 साली ओडालेन इथे संपाच्या काळात कामगारांच्या मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि पाच माणसे मेली. त्यानंतर कामगार पक्ष सत्तेवर आला, 1938 मध्ये साल्टशोबाडेन इथे कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांनी करार केला, आणि मजुरीचे प्रश्न दोघांनी एका टेबलावर बसून सोडवायची पद्धत पडली. पुढे एक काळ असा आला की दहा नोकरदारांपैकी आठ जण कुठल्या ना कुठल्या संघटनेचे सभासद होते. चार वर्षांनी एकदा मत आणि दर वर्षी टेबलावर जागा, या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या.

अर्थशास्त्रात मेल्टझर आणि रिचर्ड या दोघांनी 1981 साली मांडलेला एक सिद्धांत मी वर्गात शिकवायचे. तो ऐकायला अगदी सरळ आहे. देशाचे सरासरी उत्पन्न श्रीमंतांमुळे फुगलेले असते, त्यामुळे मधोमध उभा असलेला मतदार सरासरीपेक्षा गरीबच असतो. बहुमत अशांचे, मग ते श्रीमंतांवर कर लावणारे सरकार निवडणार, आणि विषमता जितकी जास्त तितका हा दाब जास्त. विद्यार्थ्यांना हे पटायचे, आणि मग कोणीतरी हमखास विचारायचे, "मॅडम, मग आपल्याकडे असे का झाले नाही?"

याचे एक सोपे उत्तर दिले जाते की गरीब मत देत नाहीत. अमेरिकेपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे उत्पन्न जसे वाढते तसे मतदानाचे प्रमाण वाढते. पण आपल्याकडे उलट आहे. आपल्या शहरात मतदानाच्या दिवशी कोणत्या केंद्रावर रांग असते आणि कोणत्या केंद्रावर कर्मचारी वाट पाहत बसलेले असतात, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? वस्त्यांमधली माणसे मजुरी बुडवून मत देतात. तरीही विषमता दोन्ही देशांत वाढली. अमेरिकेत 1980 च्या सुमारास वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा साधारण दहावा हिस्सा जायचा, आज पाचवा हिस्सा जातो. याच काळात तिथल्या कामगार संघटना खंगत गेल्या. 1950 च्या दशकात तीनपैकी एक कामगार सभासद होता, आज दहापैकी एक. 2014 साली गिलेन्स आणि पेज या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या जवळपास अठराशे धोरणविषयक निर्णयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्रीमंतांची आणि संघटित हितसंबंधांची इच्छा विचारात घेतली, तर सामान्य नागरिकाच्या इच्छेचा निर्णयावर स्वतंत्र परिणाम जवळजवळ शून्य, असे त्यांना आढळले.

भारताचे आकडे सांगताना मात्र जपायला हवे, कारण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. जिनी निर्देशांक शून्य असला तर सगळ्यांना सारखे, शंभर असला तर सगळे एकाच्याच हातात. 2025 मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या आकड्यावरून सांगितले की भारताचा निर्देशांक 25.5 आहे आणि आपण जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक आहोत. हा आकडा खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. गरीब माणूस मिळालेले सगळे खाऊन टाकतो, श्रीमंताचे बरेचसे उरते, आणि उरलेले खर्चाच्या पाहणीत येत नाही. ज्या देशांशी तुलना केली त्यांतल्या अनेकांचे आकडे उत्पन्नाचे आहेत. उत्पन्न आणि संपत्ती मोजणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या 2024 च्या अहवालात वेगळे चित्र आहे. 2022-23 मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे 22.6 टक्के उत्पन्न आणि 40.1 टक्के संपत्ती, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला 15 टक्के उत्पन्न. आणि ज्यांनी याबद्दल काही करायचे त्या लोकसभेत, असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून काढलेल्या हिशेबानुसार, 2024 मध्ये निवडून आलेल्यांपैकी 93 टक्के कोट्यधीश आहेत. श्रीमंत माणूस गरिबाचे भले करूच शकत नाही असे मी म्हणत नाही. पण नळावरची रांग ज्याने कधी धरली नाही, त्याच्या डोक्यात ती रांग सकाळी उठल्यावर येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. 27 एप्रिल 1994 ला कृष्णवर्णीयांनी पहिल्यांदा मत दिले. संविधान इतके उदार की पुरेसे पाणी हासुद्धा त्यात हक्क आहे. 2001 पासून दर कुटुंबाला महिन्याला 6,000 लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आले, मुलांसाठी आणि वृद्धांसाठी अनुदाने आली. हे सगळे खरे काम आहे आणि त्याने लाखो घरांत चूल पेटली. तरीही त्या देशाचा जिनी निर्देशांक 63 च्या आसपास, जगात सर्वांत वर. कारण 1913 च्या कायद्याने हिरावलेली जमीन बहुतांशी होती तिथेच राहिली, खाणी आणि बँका होत्या त्यांच्याकडेच राहिल्या, आणि रोजगार वाढला नाही. सत्ता बदलली, मालकी बदलली नाही.

ब्राझीलने थोडे वेगळे करून दाखवले. 1964 ते 1985 लष्करी राजवट, 1988 मध्ये नवे संविधान, आणि त्या वेळी विषमता जगात जवळपास सर्वाधिक, निर्देशांक 60 च्या घरात. पुढच्या पंचवीस वर्षांत तो 52 च्या आसपास उतरला. किमान वेतन वाढले, शाळा वाढल्या, 2003 पासून गरीब कुटुंबांना मुलांच्या शाळेच्या आणि लसीकरणाच्या अटीवर थेट पैसे मिळू लागले. आजही तो देश फार विषमच आहे. पण आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते पोर्तो अलेग्रे, आपल्यासारखेच तेरा-चौदा लाखांच्या आसपासचे शहर. तिथे 1989 पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकातला विकासकामांचा भाग लोकांच्या सभांमध्ये ठरू लागला. शहराचे 16 भाग केले. प्रत्येक भागात सभा, सभेतून प्रतिनिधी, आणि कोणते काम आधी हे लोकांनी ठरवायचे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा गुण देण्याचा नियम. ज्या भागात सोयी कमी त्याला जास्त गुण, म्हणजे पैसा आधी तिकडे. पाणी आणि गटारांच्या जोडण्या असलेली घरे 1988 मध्ये सुमारे 75 टक्के होती, 1997 पर्यंत ती 98 टक्क्यांवर गेली. सभांना येणाऱ्यांत गरिबांचे आणि कमी शिकलेल्यांचे प्रमाण शहरातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त होते. नंतर सत्ताबदल झाले, उत्साह ओसरला, 2017 मध्ये ही पद्धत थांबवली गेली. राजकीय इच्छा आटली की चांगली व्यवस्थाही टिकत नाही, हेही त्यातून शिकायचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मांडणारे लोक प्रामाणिक असतात. लोकशाहीशिवायही गरिबी हटते, चीन बघा, म्हणतात. दक्षिण कोरिया आणि तैवानने जमिनीचे वाटप लोकशाही येण्याआधीच केले, आणि त्यांच्या पुढच्या प्रगतीचा पाया तिथे घातला गेला, हे मान्यच केले पाहिजे. आपली निवडून आलेली सरकारे जमीनधारणेवर मर्यादा घालणाऱ्या सीलिंगच्या कायद्यातल्या पळवाटा बुजवू शकली नाहीत, तेव्हा ते त्यांनी केले. पण त्याच चीनमध्ये 1958 ते 1961 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली आणि गावातून वर जाणारी खरी बातमी कोणी जाऊ दिली नाही. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. 1972 चा महाराष्ट्रातला दुष्काळ आपल्या आई-वडिलांनी पाहिला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, पाझर तलाव खणले, पण माणसे 1943 च्या बंगालसारखी मेली नाहीत. विधानसभेत दररोज प्रश्न विचारले जात होते, गावोगाव मोर्चे निघत होते. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना मोठी झाली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

त्या योजनेचा पैसा कुठून आला? 1975 च्या कायद्याने शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर लागला, आणि तो या कामासाठी. माझ्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसायचे. स्टाफरूममध्ये बहुतेकांना हा कर कशासाठी सुरू झाला हे ठाऊक नव्हते. मी सांगितले की थोडा वेळ शांतता पसरायची, आणि मग कोणीतरी म्हणायचे, हे आधी कोणी सांगितले का नाही? शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाच्या हक्काला हातभार लावायचा, हे महाराष्ट्राच्या निवडून आलेल्या विधिमंडळाने स्वतःहून ठरवले. ही आपली परंपरा आहे, स्वीडनहून आणलेली नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून मार्चमधल्या काढणीपर्यंत दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या येतात. उक्त्या दराने एकर घेतात. छाटणी, पेस्ट लावणे, विरळणी, डिपिंग, सगळे हाताने. बायका मांडवाखाली मान वर करून दिवसभर घडातले मणी काढतात, कारण परदेशी जाणाऱ्या घडात मणी दाटलेले चालत नाहीत. मुलगा बागेच्या कडेला साडीच्या झोळीत. ही माणसे वर्षातले चार-पाच महिने गावात नसतात. मतदारयादीत त्यांचे नाव गावाला, घाम निफाडला. हिवाळ्यात निवडणूक आली की मत द्यायचे तर पिकअपचे भाडे आणि एक-दोन दिवसांची मजुरी सोडायची. तरी पुष्कळ जण जातात. पण ग्रामसभेला कोण जाणार? वनहक्काचा दावा कुठे अडकला हे तलाठ्याला कोण विचारणार? ज्या वेळी खरे निर्णय होतात, त्या वेळी ते द्राक्षांच्या मांडवाखाली असतात.

म्हणूनच मार्च 2018 मध्ये ही माणसे नाशिकहून चालत निघाली. 6 मार्चला सीबीएस चौकातून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे 180 किलोमीटर चालून 12 तारखेला आझाद मैदानावर पोहोचला. 2006 च्या वनाधिकार कायद्याने देऊ केलेली जमीन नावावर करा, ही मुख्य मागणी. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या दिवशी त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला, पायाला फोड आलेले असताना. सरकारने लेखी आश्वासन दिले. 2023 मध्ये त्यांना पुन्हा चालत निघावे लागले. 2006 मध्येच झालेल्या कायद्याची अंमलबजावणी मागायला जर आदिवासी बाईला मुंबईपर्यंत अनवाणी जावे लागत असेल, तर मतदानाच्या हक्काशिवाय आणखी काहीतरी तिला आपण दिलेले नाही.

शेंद्रीपाड्याचे फोटो आपल्याला आठवत असतील. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या पाड्यावरच्या बाया पाण्याचे हंडे घेऊन तास नदीच्या खोल घळीवरून एका लाकडी बल्लीवर तोल सांभाळत जायच्या. फोटो पसरले, मंत्री आले, 2022 च्या सुरुवातीला लोखंडी पूल बसला, आणि त्याच पावसाळ्यात तो वाहून गेला. याच डोंगररांगेत वैतरणा आहे, जिथून मुंबईला पाणी जाते. त्या पाड्यावरच्या बाया मत देतच होत्या, अनेक निवडणुका. पण पूल आला तो फोटोमुळे. कांद्याचेही तसेच. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी झाली, लासलगावपासून उमराण्यापर्यंत शेतकरी पाच महिने बोलत राहिले, आणि बंदी उठली 4 मे 2024 ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाआधी सोळा दिवस. पाच वर्षांत एकदाच ऐकू येणारा आवाज हा आवाज म्हणावा का, हे आपणच ठरवा.

आता मागणी.

74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. नाशिकमध्ये पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. म्हणजे एका समितीमागे अडीच लाख माणसे. त्यातून बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. रस्त्यावरचा खड्डा चौघांपैकी कोणाचा, हे मतदाराला कळत नाही आणि कधीकधी चौघांनाही कळत नाही. एवढ्या अंतरावरून गरिबाचा आवाज पोहोचत नाही. पण आपल्याच राज्याने 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, आणि तिथला प्रत्येक मतदार त्या सभेचा सभासद. गावाला ग्रामसभा आहे तशी मोहल्ल्याला ही सभा. कायदा आहे, वापर नाही.

आपण तो वापरा. या वर्षीचे अंदाजपत्रक प्रभागनिहाय फोडून मराठीत छापा आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लावा. संकेतस्थळावर टाकून थांबू नका. क्षेत्रसभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या, समाजमंदिरात घ्या, सभागृहाच्या एसी दालनात नको, म्हणजे अंबडच्या कंपनीतून सुटलेला कामगार आणि चार घरची धुणीभांडी उरकलेली बाई दोघेही येतील. आणि पोर्तो अलेग्रेचा तो नियम घ्या: जिथे गटार नाही, जिथे नळ दिवसाआड येतो, त्या भागाला आधी गुण. नाहीतर या सभांतही शिकलेले लोकच बोलतील. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे, चांगली आहे, पण अर्ज भरून पाठवता येणाऱ्यांनाच तिचा जास्त उपयोग होतो. तपोवनातली झाडे वाचवण्यासाठी आम्ही शेकडो नाशिककर उभे राहिलो, मीही होते, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या गर्दीत वस्तीतली माणसे फार थोडी होती, हेही मी पाहिले. आमच्यासारख्यांचा आवाज ऐकायला आपल्याला क्षेत्रसभा लागत नाही. तो तसाही पोहोचतो.

एक अडचण आधीच सांगते. कायद्याने क्षेत्रसभेत मतदारच सभासद. मग बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारा सुरगाण्याचा मजूर, ज्याचे मत गावाला आहे, त्याचे काय? त्याला सभेत मत देता येणार नाही, पण बसता आणि बोलता येईल, असा ठराव महासभेने करावा. त्याला अडवणारे काही असेल असे मला वाटत नाही.

सिंहस्थाचे काम तर अंगावर आलेच आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2027 मध्ये अमृतस्नाने. त्यासाठी वेगळे प्राधिकरण आहे आणि पुष्कळसे निर्णय तिथे होतील. हजारो कोटींचे काम वर्षा-दोन वर्षांत होणार असताना महासभेत निदान एवढी माहिती दर महिन्याला मागा: कोणते काम कोणत्या वस्तीत, सिंहस्थानंतर ते कोणाच्या उपयोगाचे, आणि साफसफाईला ठेक्यावर घेतलेल्या कामगाराच्या हातात किमान वेतन पडते की नाही. घंटागाडीची सवय राज्याला नाशिकने लावली असे आपण अभिमानाने सांगतो. त्या गाडीमागे पळणाऱ्या माणसाची पगाराची पावती पाहण्याचा अधिकार आपल्याला मतदारांनी दिला आहे.

केरळने 1996 पासून राज्याच्या योजना निधीतला 35 ते 40 टक्के हिस्सा पंचायती आणि नगरपालिकांकडे दिला आणि लोकांना सभांमध्ये बसवून नियोजन करायला लावले. पैशाची विषमता तिथेही मोठी आहे. पण गरिबाच्या घराजवळ चालू स्थितीतला दवाखाना आणि शाळा आहे. तेवढे जरी पंचवटीतल्या आणि सातपूरमधल्या वस्त्यांना मिळाले तरी ते पुष्कळ आहे.

आपण 122 जण आहात. निम्म्या जागांवर महिला आहेत, अनेक जण पहिल्यांदाच निवडून आला आहात, काही जण स्वतः वस्तीत वाढलेले आहात. आपल्याला हे पत्र समजावून सांगायची गरज नाही, हे मला माहीत आहे. पक्षाच्या बैठकीत, ठेकेदारांच्या गराड्यात, वरून आलेल्या आदेशांच्या घाईत ते मागे पडू नये, म्हणून लिहिले.

आपल्या प्रभागात पहिली क्षेत्रसभा कधी आणि कुठे होणार, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने जाहीरपणे द्यावे, एवढी विनंती आहे. माझ्या प्रभागातल्या सभेला मी येईन, आणि शेजारच्या वस्तीतल्या ज्या बायकांना बोलायचे आहे त्यांना सोबत घेऊन येईन.

आपली,
पंचवटीतील एक मतदार
राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका